ठेवलेला चेंडू

आमच्या मैदानावर मोठीं मुलें खेळतात आणि सहासात वर्षांचीं मुलें कुंपणापलीकडे गेलेला चेंडू आणून देतात. त्यांची पाळी कधीं येतच नाहीं.

अमेरिकेंतील मिशिगन प्रांतांत ऑल्बियन नांवाचें लहानसें गांव आहे. तेथें मुलांस खेळ शिकविणारे जेरी सकार्स्की यांनीं १९५६ सालीं अशाच बालकांकरितां एक युक्ति योजिली. बेसबॉलमध्यें समोरून फेंकलेला चेंडू टोलवावयाचा असतो. लहान मुलास तो नीट फेंकतांही येत नाहीं व टोलवितांही येत नाहीं. मग फेंकणारा रडकुंडीस येतो, टोलविणारा नुसती बॅट फिरवितो आणि बाकीचे गवत उपटीत बसतात. ह्या गृहस्थांनीं फेंकणाराच काढून टाकिला! कमरेइतक्या उंच खुंटावर चेंडू ठेवावा, मुलानें तो मारावा आणि धांवत सुटावें, एवढेंच. त्या खुंटास 'टी' म्हणतात. म्हणून हा खेळ 'टी-बॉल'. चेंडू स्थिर असल्यानें नजर व हात यांचा मेळ लवकर बसतो. शिवाय बहुतेक ठिकाणीं प्रत्येक डावांत सर्वांस बॅट मिळते.

फ्लॉरिडांतील डेटन हॉब्ज यांनींही १९६० च्या सुमारास असाच खेळ चालविला, आणि श्रेयाविषयीं वाद आहे. खेळणाऱ्या पोरांस त्याचें काय!

हा कांहीं खरा खेळ नव्हे, असें पालकांस वाटेल. आम्हांसही वाटलें होतें. गेल्या हिवाळ्यांत आम्हीं बांबूचा खुंट रोविला. वर्षभर चेंडूच आणून देणाऱ्या एका मुलानें तीनदां खुंटच हाणला. चौथ्या खेपेस चेंडू विहिरीपलीकडे गेला, आणि तो धांवावयाचें विसरून पाहतच उभा राहिला.