दारिद्र्याचे मोजमाप आणि गावाचे शिक्षण

दारिद्र्य डोळ्यांना दिसते; पण ते समजून घेण्यासाठी मोजावे लागते, आणि ज्या मापाने ते मोजावे त्यावर उपायही अवलंबून राहतो. प्रौढशिक्षण वर्गात किंवा ग्रामसभेत या विषयाची चर्चा घडवून आणणाऱ्या कार्यकर्त्याने ही गोष्ट आरंभीच ध्यानात घेणे इष्ट होय.

आपल्या देशात या मोजमापाचा पाया दादाभाई नौरोजी यांनी घातला. १८७४ मध्ये बडोदे संस्थानाचे दिवाणपद भूषविलेल्या दादाभाईंनी १८७६ मध्ये भारताच्या दारिद्र्यावरील आपला निबंध मांडला. देशाचे दरडोई वार्षिक उत्पन्न त्यांनी सुमारे २० रुपये काढले आणि तुरुंगातील कैद्याच्या अन्नवस्त्राच्या खर्चाशी ते ताडून पाहिले. कैद्याला मिळते तेवढे अन्नवस्त्रही सामान्य रयतेला पुरते मिळणे कठीण, असे त्यातून निष्पन्न झाले. या एका तुलनेने दारिद्र्य हा दैवाचा किंवा आळसाचा प्रश्न न राहता राज्यकारभाराचा प्रश्न ठरला.

पुढे १९७१ मध्ये पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतील वि. म. दांडेकर व नीलकंठ रथ यांनी दररोज माणशी २,२५० उष्मांक हे किमान प्रमाण धरले. १९६०-६१ च्या किमतींनुसार त्यासाठी लागणारा दरमहा माणशी खर्च त्यांनी खेड्यात १५ रुपये व शहरात २२.५० रुपये मानला. खेड्यांतील सुमारे ४० टक्के व शहरांतील सुमारे ५० टक्के लोकांना तेवढेही साधत नव्हते. १९७९ मध्ये नियोजन आयोगाच्या कार्यगटाने ग्रामीण भागासाठी २,४०० व शहरी भागासाठी २,१०० उष्मांकांचे प्रमाण स्वीकारले.

तथापि पोट भरले म्हणजे दारिद्र्य सरले, असे नव्हे. २००९ मध्ये सुरेश तेंडुलकर समितीने केवळ उष्मांकांचा आधार सोडून शिक्षण व औषधोपचार यांवरील खर्चही हिशेबात घेतला. २०२१ मध्ये नीती आयोगाने प्रसिद्ध केलेल्या बहुआयामी निर्देशांकात पोषण, शालेय शिक्षण, पिण्याचे पाणी, शौचालय, इंधन, घर, बँकखाते आदी १२ बाबी आहेत. या मापानुसार २०१५-१६ मध्ये देशातील २४.८५ टक्के लोक दरिद्री होते. २०१९-२१ मध्ये हे प्रमाण १४.९६ टक्क्यांवर आले.

हे आकडे देशाचे चित्र दाखवितात. एखादे घर दरिद्री का झाले, हे मात्र सांगत नाहीत. समजा, एका गावातील दोन कुटुंबांचे उत्पन्न सारखेच आहे. पहिले भूमिहीन असून पिके निघाल्यावर त्याला काम मिळत नाही. दुसऱ्याची थोडी जमीन आहे. परंतु कर्त्या माणसाच्या आजारपणात काढलेल्या सावकारी कर्जाच्या व्याजात सारे पीक जाते. पहिल्याला रिकाम्या महिन्यांत काम हवे. दुसऱ्याला वेळेवर औषधोपचार व माफक व्याजाचे कर्ज हवे. दोघांना एकच मदत दिली तर एकाची तरी गरज तशीच राहील.

म्हणून वर्गात फळ्यावर बारा महिने लिहावेत. कोणत्या महिन्यात काम नसते, कोणत्या महिन्यात धान्य संपते, कर्ज केव्हा व कशासाठी काढावे लागते, मुले शाळेतून केव्हा गळतात, हे उपस्थितांनीच सांगावे. मात्र कोणाच्या घरचा हिशेब चारचौघांत विचारू नये. गरिबी उघडी पडण्याची लाज माणसाला मदतीपासूनही दूर ठेवते. चर्चा गावाच्या अनुभवाची असावी.

असा तक्ता पूर्ण झाला की ग्रामसभेपुढे मागणी नेमकेपणाने मांडता येते: अमुक महिन्यांत काम, अमुक वस्तीला पाणी, अमुक मुलांना पुन्हा शाळा. आपल्या दारिद्र्याची कारणे ज्याला सांगता येतात, तो केवळ मदतीची वाट पाहत बसत नाही. ती कोणती असावी, हे ठरविण्यात त्याचाही वाटा राहतो. लोकशिक्षणाचे खरे प्रयोजन हेच होय.