मोत्याला दोरीने चालायला शिकवू या

पुण्याचा चांदणी चौक ओलांडून पश्चिमेला निघाले, की आधी भूगाव लागते, मग भुकूम. पुढे घाट ओलांडला की पिरंगुट आले. हाच रस्ता पुढे पौडला जातो. एके काळी या वाटेने बैलगाड्या जात. कुत्रे धन्याच्या मागे मोकळे चाले. आज याच रस्त्यावर कारखान्यांचे ट्रक धावतात, बस धावतात, मोटारसायकली धावतात. मोकळे पिल्लू मांजर दिसले की धावत सुटते. त्याला ट्रक कळत नाही. त्याला वाचवायला मोटारसायकलवाला वळतो आणि तोही पडतो.

म्हणून आपण पिल्लाला दोरीने चालायला शिकवू या. आपल्या पिल्लाचे नाव मोत्या आहे असे समजू.

कोणी म्हणेल, "अहो, कुत्र्याला कसली आली शाळा? कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडंच!" शेपटाचे ते खरे असेल. चालीचे खरे नाही. चाल सुधारता येते.

आधी पट्टा, मग दोरी

नवा खोंड आपण पहिल्याच दिवशी भरल्या गाडीला जुंपतो का? नाही. आधी त्याला जुवाची सवय करतो. पिल्लाचेही तसेच आहे.

पहिले दोन-तीन दिवस नुसता गळ्यात पट्टा बांधावा. पट्टा मऊ असावा. पट्टा आणि गळा यांच्यामध्ये आपली दोन बोटे सहज जावीत. मोत्या पट्टा खाजवील, लोळेल. त्याला भाकरी द्यावी, म्हणजे तो पट्टा विसरतो. पिल्लू भराभर वाढते. म्हणून दर आठवड्याला बोटे घालून पाहावे. पट्टा आवळू लागला की सैल करावा.

मग पट्ट्याला हलकी दोरी बांधावी. दोरी चार हात लांब पुरे. जड साखळी नको. गळ्याला सरकती गाठ तर मुळीच मारू नये. पिल्लाने ओढ घेतली की ती गाठ आवळते आणि त्याचा श्वास कोंडतो. बैलाला वेसण असते. कुत्र्याचा सारा ताण गळ्यावर येतो, हे विसरू नये.

दोरी ताणली की थांबा

मोत्या दोरी का ओढतो? त्याला पुढचा वास घ्यायचा असतो. तो ओढतो आणि आपण त्याच्या मागे जातो. मग त्याला कळते, 'ओढले की मिळते.' आपण चिडून मागे ओढतो. तेव्हा तोही उलट जोर लावतो. अशाने दोघेही दमतात आणि कोणीच शिकत नाही.

म्हणून असे करावे. अंगणात मोत्याला घेऊन चालू लागावे. दोरी सैल आहे आणि मोत्या आपल्या पायाजवळ आहे, तेव्हाच "शाब्बास" म्हणावे आणि भाकरीचा लहानसा तुकडा द्यावा. तुकडा गुडघ्याच्या खाली, त्याच्या तोंडाशी धरावा. उंच धरला तर तो उड्या मारील. उशिरा दिला तर तो कशाबद्दल मिळाला हे त्याला कळणार नाही.

दोरी ताणली की मेढीसारखे उभे राहावे. ओरडू नये. हिसका देऊ नये. मोत्या थोडा वेळ ओढील, मग मागे वळून पाहील. दोरी सैल पडेल. ती सैल पडली की पुन्हा चालू लागावे. काही दिवसांत त्याला उमगते, 'दोरी सैल असली की पुढे जाता येते.'

मोत्या मध्येच बसला तर त्याला फरफटत नेऊ नये. तो भ्यालेला असेल किंवा दमलेला असेल. आपले एक पाऊल म्हणजे त्याची चार पावले. आपण खाली बसावे आणि हाक मारावी.

सकाळी पाच मिनिटे आणि संध्याकाळी पाच मिनिटे शिकवावे. जेवणाच्या आधी शिकवावे. भूक असली की ध्यान लागते. घरातल्या सर्वांनी एकच रीत पाळावी. आईने थांबायचे आणि पोराने ओढू द्यायचे, असे झाले तर शिकवलेले वाया जाते.

रस्त्यावर जाताना

अंगणात नीट चालू लागला की रस्त्यावर न्यावे. पण त्याआधी त्याला लसी टोचून घ्याव्यात. वाहने समोरून येताना दिसतील अशा उजव्या कडेने चालावे. मोत्याला रस्त्याच्या बाहेरच्या अंगाला ठेवावे. दोरी मुठीत धरावी, हाताला गुंडाळू नये. कुत्रे एकदम धावले तर माणूस तोंडावर पडतो. लहान मुलाच्या एकट्याच्या हाती दोरी देऊ नये.

उन्हाळ्यात डांबर तापते. आपला तळहात डांबरावर ठेवून पाहावा. आठ अंक मोजेपर्यंत हात ठेववत नसेल, तर मोत्याचे पायही भाजतील. तेव्हा पहाटे किंवा दिवस मावळल्यावर न्यावे.

सुईसाठी दोरी

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. पिसाळलेला कुत्रा चावला आणि माणसाला तो रोग जडून लक्षणे दिसू लागली, की मग माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. पण आधी लस घेतली तर रोग टळतो. कुत्र्यालाही लस असते. पिल्लू तीन महिन्यांचे झाले की ती पहिल्यांदा टोचतात. पुढे डॉक्टर सांगतील तेव्हा पुन्हा टोचून घ्यावी लागते.

पहिल्या सुईला पिल्लू कडेवर नेता येते. वर्षाने त्याचा कुत्रा होतो. तो कडेवर मावत नाही. दोरीची सवय नसलेला कुत्रा दवाखान्यापर्यंत येतच नाही. मग घरचे म्हणतात, "राहू दे, पुढच्या वर्षी बघू." धोका तिथेच असतो. दोरीने चालणारा मोत्या दवाखान्यात जातो आणि घरातली मुले निर्धास्त राहतात.

कुत्रा चावलाच, तर जखम वाहत्या पाण्याने आणि साबणाने पंधरा मिनिटे धुवावी. हळद, चुना, तिखट लावू नये. लगेच सरकारी दवाखान्यात जाऊन लस घ्यावी. ओरखडा लहान आहे म्हणून थांबू नये.

बांधून ठेवणे म्हणजे शिकवणे नव्हे

काही लोक कुत्र्याला दिवसभर खुंटाला बांधतात. तो भुंकतो, चिडतो आणि येणाऱ्या-जाणाऱ्याच्या अंगावर जातो. जनावरांचा छळ थांबावा म्हणून आपल्या देशात १९६० साली कायदा झाला. फार आखूड किंवा फार जड साखळीने जनावर वाजवीपेक्षा जास्त वेळ बांधून ठेवणे हा त्या कायद्याने गुन्हा आहे. नेहमी बांधून ठेवलेल्या कुत्र्याला मालकाने पुरेसे फिरवले नाही, तर तोही गुन्हा आहे.

तेव्हा दोरी खुंटाला कमी आणि आपल्या हातात जास्त असावी.

सांगा पाहू

१. पट्टा आणि गळा यांच्यामध्ये किती बोटे जावीत?
२. मोत्याने दोरी ताणली तर आपण काय करावे?
३. कुत्रा चावल्यावर जखम किती वेळ धुवावी?
४. आपल्या आळीतल्या किती पाळीव कुत्र्यांना लस टोचली आहे? घरोघर विचारून वहीत लिहा.