जस्ताची बोटे आणि मिटलेले जनुक

विदर्भातील नागपूर, चंद्रपूर, गडचिरोली या जिल्ह्यांत आणि सातपुड्याच्या कुशीतील नंदुरबारमध्ये सिकलसेल हा शब्द फारसा कोणास समजावून सांगावा लागत नाही. हा आजार आनुवंशिक आहे. तरीही तो घेऊन आलेले मूल जन्मतः धडधाकट दिसते. पहिले काही महिने सुखात जातात आणि मग हातपाय सुजणे, असह्य वेदना, रक्तक्षय यांचा फेरा सुरू होतो. आजार जन्मजात असताना आरंभीचे महिने निर्वेध का जावेत? या साध्या प्रश्नाचे उत्तर मानवी शरीरातील एका प्रथिनापाशी आहे.

रक्ताच्या तांबड्या पेशींतील हीमोग्लोबिन चार साखळ्यांचे असते : दोन आल्फा व दोन बीटा. बीटा साखळीत सहाव्या स्थानी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलीन येते, एवढाच सिकलसेलमधील दोष. परंतु त्यामुळे प्राणवायू सोडलेले रेणू एकमेकांस चिकटून ताठ तंतू बनतात, पेशी विळ्यासारखी वाकते आणि सूक्ष्म रक्तवाहिन्यांत अडकते. गर्भावस्थेत मात्र बीटाच्या जागी गॅमा साखळी असते व ती निर्दोष असते. जन्मानंतर गॅमाचे जनुक हळूहळू मिटते आणि बीटाचे काम वाढते. नवजात अर्भकांच्या पेशी फारशा वाकत नाहीत, हे अमेरिकन बालरोगतज्ज्ञ जॅनेट वॉटसन यांनी १९४८ मध्येच दाखविले होते.

गॅमाचे जनुक मिटविते कोण? २००८ मध्ये बोस्टन येथे विजय शंकरन, स्टुअर्ट ऑर्किन व त्यांच्या सहकाऱ्यांनी याचे उत्तर दिले. दुसऱ्या गुणसूत्राच्या आखूड भुजेवर बीसीएल११ए नावाचे जनुक आहे. त्यापासून तयार होणारे प्रथिन हे काम करते. हे प्रथिन ‘जस्त-अंगुली’ या कुळातील होय. सुमारे ३० अमिनो आम्लांचा तुकडा जस्ताच्या एका आयनाभोवती दुमडला जातो आणि बोटासारखा आकार घेतो. दोन सिस्टीन व दोन हिस्टिडीन मिळून त्या आयनास घट्ट धरून ठेवतात. अशा बोटांची कल्पना केंब्रिजच्या ॲरन क्लुग यांच्या गटाने १९८५ मध्ये बेडकाच्या एका प्रथिनावरून मांडली. आंधळा मनुष्य ब्रेल लिपी चाचपून वाचतो, तद्वत् ही बोटे डीएनएची अक्षरे ओळखतात. बीसीएल११ए प्रथिनाची बोटे गॅमा जनुकालगतची टी-जी-ए-सी-सी-ए ही सहा अक्षरे पकडतात, हे २०१८ मध्ये स्पष्ट झाले. ती पकड बसली की गॅमा मुका होतो.

मग हे प्रथिनच नाहीसे का करू नये? कारण मेंदूच्या वाढीस व काही पांढऱ्या पेशींच्या घडणीस ते हवे असते. या जनुकाची एक प्रत जन्मतः बिघडलेल्या मुलांच्या रक्तात गर्भावस्थेतील हीमोग्लोबिन टिकून राहते, पण त्यांची बौद्धिक वाढ खुंटते. सुदैवाने या जनुकातच एक लहानसा खंड असा आहे, की जो केवळ तांबड्या पेशींच्या पूर्वजांत त्यास चालना देतो. २०१३ मध्ये तो सापडला आणि वाट मोकळी झाली. रुग्णाच्या मूलपेशी बाहेर काढून तेवढाच खंड कापावयाचा व त्या परत द्यावयाच्या, या उपचारास २०२३ च्या नोव्हेंबरात ब्रिटनने व डिसेंबरात अमेरिकेने मान्यता दिली. मान्यतेच्या वेळी तपासलेल्या ३१ रुग्णांपैकी २९ जणांस सलग किमान बारा महिने तीव्र वेदनेचा झटका आला नाही.

तथापि अमेरिकेत या उपचाराची किंमत २२ लक्ष डॉलर ठरली. शिवाय त्याआधी तीव्र औषधांनी अस्थिमज्जा रिकामी करावी लागते. गडचिरोलीतील आदिवासी कुटुंबास ही वाट दूरचीच. त्याच्या हाताशी आज जे आहे ते साधे आहे : वेळीच रक्ततपासणी, वैद्यकीय देखरेखीखाली हायड्रॉक्सियुरिया आणि विवाहापूर्वी समुपदेशन. हायड्रॉक्सियुरियाचा गुणही मुख्यतः गर्भावस्थेतील हीमोग्लोबिन वाढविण्यातच आहे. २०४७ पर्यंत या आजाराचे निर्मूलन करण्याचे राष्ट्रीय अभियान १ जुलै २०२३ रोजी सुरू झाले, त्याचाही भर तपासणीवर आहे.

निर्दोष जनुक रुग्णाच्या शरीरातच असते. ते केवळ मिटलेले असते. ते उघडण्याची युक्ती विज्ञानास सापडली आहे. ती गावच्या दवाखान्यापर्यंत पोहोचविणे, हे उरलेले कार्य प्रयोगशाळेइतकेच समाजाचेही आहे.