आधी पंप, मग हीटर

चालू करताना आधी पंप, मग हीटर. बंद करताना आधी हीटर, मग पंप. भाच्या, तुझ्या गराजच्या भिंतीवर दुसरं काही लिहिलं नाहीस तरी चालेल, पण एवढं ठळक अक्षरांत लिहून ठेव. तू घरी बिअर करायला जी मांडणी जुळवतो आहेस, तिचं सगळं गणित फिरत्या पाण्यावर आणि आचेवर आहे. या दोन गोष्टींशीच माझा उभ्या नोकरीत संबंध आला. डेअरीत दूध 72 अंशांवर 15 सेकंद धरतात. तापमान जरा घसरलं की झडप आपोआप फिरते आणि ते दूध पुढे न जाता मागच्या टाकीत परत येतं. नुसत्या आचेवर कुणी विसंबत नाही. प्रवाह आणि आच एकमेकांना बांधलेले असतात. तुझ्या मांडणीतही ते बांधून घे.

आधी कायद्याचं सांगून टाकतो, म्हणजे घरात कुणी विचारलं तर तुला उत्तर देता येईल. इथे गौतमपुऱ्यात मी हे करू शकत नाही. मध्य प्रदेशात आबकारी कायदा 1915 सालचा आहे आणि परवान्याशिवाय घरी बिअर करायला मुभा नाही. घरच्यापुरती महुआची दारू काढण्याची मर्यादित सूट आहे ती आदिवासींना. पुण्यात 2009 साली ‘डूलाली’ सुरू झाली, देशातल्या पहिल्या मायक्रोब्रुअरींपैकी एक, तीही रीतसर परवाना घेऊनच. तुमच्या अमेरिकेत 1978 सालच्या कायद्याने घरगुती बिअरला केंद्राची परवानगी मिळाली. एकट्या प्रौढाला वर्षाला 100 गॅलन, घरात दोन किंवा अधिक प्रौढ असतील तर 200, आणि विकायची नाही. तरीही राज्यांचे नियम वेगळे असतात. मिसिसिपी आणि अलाबामा यांनी तर 2013 पर्यंत वाट पाहायला लावली. तुझ्या राज्याचा नियम स्वतः वाचून घे. आणि मित्राकडून माल्टचे पैसेसुद्धा घेऊ नकोस.

आता कामाचं. बिअरचा माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेला सातू, आपल्या इकडचा जव. भरडलेला माल्ट कोमट-गरम पाण्यात तासभर भिजवला की त्यातली एन्झाइम पिष्टाची साखर करतात. गंमत अशी की त्यांत दोन वेगवेगळ्या स्वभावाची एन्झाइम असतात. एकाला 60 ते 65 अंश मानवतात; ते अशी साखर करतं जी यीस्ट पुरती खाऊन टाकतं. दुसरं 68 ते 72 च्या दरम्यान जोरात चालतं आणि यीस्टला न पचणारी साखर मागे ठेवतं. म्हणून 64 वर धरलेली बिअर हलकी, कोरडी लागते आणि 69 वर धरलेली भरदार. दोन-तीन अंशांत चव बदलते, म्हणून तर एवढा खटाटोप. सुरुवातीला 66 धर. शेवटी 76 पर्यंत चढव, म्हणजे एन्झाइमचं काम थांबतं आणि रस पातळ होऊन नीट गळतो. 78 च्या वर जाऊ देऊ नकोस, सालाचा तुरटपणा उतरतो.

सुरुवातीचं पाणी किती तापवायचं याचा अंदाज: 5 किलो माल्टला 15 लिटर पाणी. माल्ट 20 अंशांचा असेल तर पाणी 72 च्या किंचित वर ठेव, मिसळल्यावर 66 मिळेल. तुझं गराज हिवाळ्यात गारठलेलं असतं. टाकी आधी गरम पाण्याने विसळून घे, नाहीतर टाकीच दोन अंश खाईल.

खालून रस काढायचा, तापवायचा आणि वरून परत सोडायचा, याच्या दोन रीती आहेत. एकीत गरम पाण्याच्या टाकीत तांब्याचं किंवा स्टीलचं वेटोळं बुडवतात आणि रस त्यातून फिरवतात. दुसरीत स्टीलच्या नळीतच हीटर बसवतात आणि रस थेट त्याला घासून जातो. 1980 च्या दशकाच्या अखेरीस रॉडनी मॉरिस नावाच्या अमेरिकन गृहस्थाने ही रीत घरगुती मंडळींत रुजवली. मला विचारलं असतंस तर वेटोळं घे म्हणालो असतो. भोवतालचं पाणी 68 अंशांचं असेल तर रस 68 च्या वर जाऊच शकत नाही. नळीतल्या हीटरला असा लगाम नाही. पण तू नळी घेऊन बसला आहेस, तर ती नीट वापरायला शीक.

हीटर घेताना वॅट बघशील, पण तेवढे वॅट किती लांबीवर पसरलेत तेही बघ. आखूड हीटरवर रस करपतो आणि करपलेल्या रसाची चव कशानेही निघत नाही. तुमच्याकडे एक सोपी युक्ती आहे. 240 व्होल्टचा 4500 वॅटचा हीटर 120 व्होल्टवर लाव. व्होल्टेज निम्मं झालं की ताकद चौथाई होते, म्हणजे 1125 वॅट. पृष्ठभाग मात्र पूर्वीइतकाच, त्यामुळे आच मऊ. 15 लिटर पाणी आणि 5 किलो माल्ट मिळून उष्णतेच्या हिशेबाने 17 लिटर पाण्याएवढे होतात. एक अंश चढवायला सुमारे 71 किलोजूल. 1125 वॅटने मिनिटाला साधारण एक अंश चढेल. बास, याहून घाई करायची नाही. 66 वरून 76 ला दहा-बारा मिनिटं लागतील, लागू देत.

आता ज्याची मला खरी काळजी आहे ते. आपल्या गावचं हिंगोट तू लहानपणापासून पाहिलं आहेस. दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी तुर्रा आणि कलगी हे दोन गट हिंगोटाच्या लढाईला समोरासमोर उभे राहतात, त्याच्या कितीतरी आधी घराघरांत हिंगोटाचं फळ पोखरून, वाळवून त्यात फटाक्याची दारू भरतात, एक तोंड मातीने बुजवतात आणि दुसरीकडे भोक ठेवतात. त्या भोकातून जोर बाहेर पडतो म्हणून ते उडतं. भोकच नसेल तर ते हातात फुटेल. तुझ्या हीटरच्या नळीला दोन्ही टोकांना बॉल व्हॉल्व्ह आहेत. दोन्ही बंद आणि हीटर चालू, म्हणजे भोक नसलेलं हिंगोट. बाहेर पडणाऱ्या बाजूचा व्हॉल्व्ह काढून टाक, तिथे नुसती नळी ठेव. शिवाय प्रवाह ओळखणारा स्विच बसव. पाणी वाहत नसेल तर हीटरला वीज मिळताच कामा नये.

विजेचंही तेच. हीटर चालू-बंद करणारा सॉलिड स्टेट रिले बहुतेक वेळा बिघडतो तो चालूच राहून. कंट्रोलर ‘बंद’ दाखवतो आणि हीटर तापतच असतो. म्हणून त्याच्याआधी हाताने पाडता येईल असा मुख्य स्विच हवा, हाताशी, नळीच्या पलीकडे नव्हे. रिलेला ॲल्युमिनियमचा पंखेदार तुकडा लाव, तो स्वतःही तापतो. नळीला आणि टाकीला अर्थिंग दे आणि तुमच्याकडचा जीएफसीआय, म्हणजे आपला आरसीसीबी, लावल्याशिवाय ओल्या फरशीवर उभा राहू नकोस. यातलं काही येत नसेल तर इलेक्ट्रिशियन बोलाव. त्यात कमीपणा नाही.

पंप चुंबकाच्या जोडणीचा, खाण्याच्या वस्तूंना चालणारा आणि उकळतं पाणी सोसणारा घे. असे पंप स्वतःहून पाणी ओढत नाहीत. टाकीच्या तळापेक्षा खाली बसव, आधी रस त्यात उतरू दे, नळी हलवून हवा काढ आणि मगच चालू कर. प्रवाह कमी करायचा तर पंपाच्या पुढचा व्हॉल्व्ह आवळायचा, मागचा कधीच नाही. मागचा आवळलास तर पंप उपाशी राहतो आणि खडखडायला लागतो. नळ्या सिलिकॉनच्या, बागेचा पाइप 70 अंशांना लुळा पडतो.

माल्ट भिजल्यावर दहा मिनिटं पंपाला हात लावू नकोस, थर बसू दे. मग अगदी हळू, मिनिटाला लिटरभर, आणि रस स्वच्छ यायला लागला की वाढवत तीन-चार लिटरपर्यंत. जास्त ओढलंस तर थर टाकीच्या तळाच्या जाळीवर दाबला जातो आणि पाझरणं थांबतं. हे आधी डोळ्यांना दिसतं. दाण्यांवर रसाचं तळं चढायला लागतं, परतीच्या नळीची धार बारीक होते, पंपाचा आवाज पातळ होतो. अशा वेळी काय करायचं? हीटर बंद, पंप बंद, मग लाकडी उलथन्याने थर तळापर्यंत मोकळा करायचा, दहा मिनिटं थांबायचं आणि पुन्हा हळू सुरू करायचं. गव्हाचा माल्ट घालणार असशील तर मूठ-दोन मूठ भाताची तुसं धुऊन मिसळ. गव्हाला साल नसते, तुसांनी वाट मोकळी राहते. परतीच्या नळीचं टोक रसाच्या पृष्ठभागाखाली ठेव, वरून धबधबा नको, गरम रसात हवा मिसळली की चव शिळी होते.

तापमापकाचा सेन्सर हीटरच्या नळीतून रस बाहेर पडतो तिथे बसव. टाकीत बसवलास तर टाकीला 66 कळेपर्यंत नळीत 75 झालेले असतात आणि एन्झाइम तिथेच मरतात. कंट्रोलर पहिल्यांदा साध्या पाण्यावर, प्रवाह चालू ठेवून जुळवून घे. तापमापक तपासताना बर्फाच्या पाण्यात शून्य बघ. उकळत्या पाण्यावर विसंबायचं तर तुझ्या तिथल्या गावाची उंची लक्षात घे. इथे मालव्याच्या पठारावर पाणी 98 च्या आसपासच उकळतं. आणि 66 ला एखाद्या चांगल्या काचेच्या तापमापकाशी ताडून बघ, कारण तुझं काम तिथेच आहे.

पुढचं तुला पुस्तकांत मिळेल: झाकण न ठेवता तासभर उकळ, हॉप्स, लवकर गार करणं, 18-20 अंशांना यीस्ट. बाटलीबद्दल मात्र एक ऐक. घनता दोन-तीन दिवस एकसारखी आल्याशिवाय बाटलीत भरायची नाही, आणि लिटरला 6-7 ग्रॅमहून जास्त साखर घालायची नाही. बाटल्या फुटतात.

धुणं त्याच दिवशी. दुधाच्या प्लांटमध्ये तासभर उशीर झाला की हीटरवर जो थर चढतो तो दुसऱ्या दिवशी खरवडून काढावा लागतो. सातूचा रसही तसाच चिकटतो आणि पुढच्या वेळी तिथेच करपतो. गरम पाणी फिरव, मग क्षारयुक्त क्लीनर गरम करून अर्धा तास, मग पुन्हा पाणी. हीटर काढून डोळ्यांनी बघ, बोट फिरव. बोरचं जड पाणी असेल तर पांढरा खार दिसेल, त्याला सायट्रिक ॲसिड. ब्लीच स्टीलला लावायचं नाही, खड्डे पडतात.

माल्टचा चोथा इथे असतास तर म्हशीला घातला असतास. तिथे खड्ड्यात टाक. पण हॉप्सचा गाळ त्यात मिसळू नकोस, तो पिशवीत बांधून कचऱ्यात दे. तुमच्याकडे कुत्रं आहे. हॉप्स खाल्ले तर कुत्र्याचा ताप चढतच जातो आणि ते जिवावर बेततं. खाल्लेले दिसले तर वाट न बघता डॉक्टरकडे घेऊन जा.