स्वीडनचा दहा आकडी नंबर : तयारी घरूनच करा

स्वीडनला मास्टर्स करायला निघालेल्या मुलांच्या बॅगेत थंडीचे कपडे, कुकर, गोडा मसाला सगळं असतं. ‘पर्सोननुम्मर’ची तयारी मात्र क्वचितच कुणी केलेली असते. हा तिथला राष्ट्रीय ओळख क्रमांक, १९४७ पासून चालत आलेला. बँकेत खातं उघडा, दवाखान्यात जा, मोबाइलचं मासिक कनेक्शन मागा, जाल तिथे आधी हा नंबर विचारतात. तो मिळतो तिकडे गेल्यावरच. पण लवकर मिळणार की रखडणार, हे बरंचसं इथेच ठरतं.

आधी परवान्याची मुदत बघा. एक वर्ष किंवा त्याहून जास्त राहणाऱ्यांनाच तिथल्या लोकसंख्या नोंदणीत घेतात, म्हणून निवास परवाना किमान १२ महिन्यांचा हवा. पासपोर्ट ज्या दिवशी संपतो, त्यापुढचा परवाना देत नाहीत. तेव्हा पासपोर्टची मुदत थोडीच उरली असेल तर परवान्याचा अर्ज करण्याआधी तो नवा करून घ्या. एका सेमिस्टरसाठी जाणाऱ्यांना हा नंबर मिळत नाही. त्यांच्यासाठी ‘समन्वय क्रमांक’ असतो, त्यात जन्मदिवसात ६० मिळवलेले असतात. १५ ऑगस्ट २००२ चा जन्म असेल तर पर्सोननुम्मर ०२०८१५ ने सुरू होईल आणि समन्वय क्रमांक ०२०८७५ ने.

आपला आधार क्रमांक कसाही वाचला तरी त्यातून माणसाबद्दल काही कळत नाही. पर्सोननुम्मरमध्ये मात्र पहिले सहा आकडे म्हणजे थेट जन्मतारीख, नववा आकडा पुरुषासाठी विषम, स्त्रीसाठी सम आणि दहावा पडताळणीचा. म्हणून पासपोर्टवरची जन्मतारीख बिनचूक हवी. शाळेत घालताना सरसकट एक जून लावण्याची पद्धत आता मागे पडली, तरी तारखेत फरक असेल तर तो जाण्याआधीच मिटवा. नावाचंही तसंच. आपल्याकडे पासपोर्टवर बऱ्याचदा मुलाच्या नावापुढेच वडिलांचं नाव लिहिलेलं असतं. परवाना, प्रवेशपत्र, घराचा करार, सगळीकडे अक्षर न् अक्षर तसंच असू द्या. जोडीदार किंवा मुलं बरोबर असतील तर विवाहाचे आणि जन्माचे मूळ दाखले इंग्रजीत, अपॉस्टील (परदेशात चालणारं सरकारी प्रमाणीकरण) करून न्या.

खरी अडचण येते ती पत्त्याची. तुम्ही जिथे प्रत्यक्ष राहता, झोपता, तिथलीच नोंद करायची असा कायदा आहे. विद्यापीठाच्या वसतिगृहात खोली मिळाली तर प्रश्न नाही. बाहेर पोटभाडेकरू म्हणून राहणार असाल तर पैसे पाठवण्याआधी एकच प्रश्न विचारा : या पत्त्यावर माझी नोंद करता येईल ना? ‘राहा, पण नोंद करू नका’ असं उत्तर आलं तर ती खोली सोडून द्या, भाडं कितीही कमी असलं तरी. अशा मालकाकडे बहुतेक वेळा खोली भाड्याने द्यायची परवानगीच नसते. आणि पैसे घेऊन नुसता पत्ता देणाऱ्यांच्या वाऱ्यालाही उभे राहू नका. खोटा पत्ता नोंदवणं तिथे गुन्हा आहे.

पोहोचल्यावर आठवड्याच्या आत नोंदणी करायची असते. हे काम ‘स्कात्तेवेर्केट’ म्हणजे तिथल्या कर खात्याकडे आहे. आधी त्यांच्या संकेतस्थळावर ‘स्वीडनमध्ये राहायला आलो’ अशी सूचना भरा, मग ओळख पटवायला सरकारी सेवा केंद्रात स्वतः जा. पासपोर्ट, परवान्याचं कार्ड, विद्यापीठाचं प्रवेशपत्र आणि घराचा करार बरोबर ठेवा.

नंबर पत्राने घरी येतो. दारावर किंवा पत्रपेटीवर तुमचं नाव नसेल तर टपाल परत जाऊ शकतं. दुसऱ्याच्या घरी राहत असाल तर पत्त्यात ‘सी/ओ’ लावून त्यांचं नाव नोंदवा. माझ्या पेटीवर पहिले काही आठवडे नाव नव्हतं. तेवढ्या एका चिठ्ठीपायी मी बँकेच्या कामाला महिनाभर मुकलो. नव्या मुलांना मी म्हणूनच सांगतो : सामान लावायच्या आधी चिठ्ठी लावा.

पत्र यायला काही आठवडे लागतात, ऑगस्ट-सप्टेंबरच्या गर्दीत त्याहून जास्त. तोवर खर्चासाठी भारतातून फॉरेक्स कार्ड न्या आणि आरोग्य विमा चालू ठेवा. विद्यापीठ तात्पुरता क्रमांक देतं. खरा नंबर आला की तो विद्यापीठाला आठवणीने कळवा, नाहीतर एकाच माणसाच्या दोन नोंदी होऊन गुणपत्रिकेत घोळ होतो.

नंबर आला म्हणजे ओळखपत्र आलं असं नाही. ते वेगळं काढावं लागतं. शुल्क ४०० क्रोनर, भेटीची वेळ आधी ठरवावी लागते आणि ही सोय प्रत्येक केंद्रात नसते. पत्र हाती पडल्याच दिवशी वेळ घ्या. कार्ड मिळालं की बँक, आणि बँकेकडून ‘बँकआयडी’. मोबाइलवरच्या या सहीशिवाय तिथे डॉक्टरची वेळसुद्धा सहज मिळत नाही.

खोली बदलली तर आठवड्याच्या आत नवा पत्ता कळवा. शिक्षण संपवून परत येताना, वर्षभर किंवा जास्त काळ देशाबाहेर राहणार असाल, तर तेही कर खात्याला कळवून निघा. नोंद बंद होते, नंबर मात्र कायम तुमचाच राहतो. पुढे पीएचडीला गेलात तर तोच पुन्हा वापरायचा, म्हणून ते पहिलं पत्र पासपोर्टाजवळ जपून ठेवा.