मुलांचे छायाचित्र : मुद्रा आणि प्रकाश

वसतिगृहांतील जुनी सामूहिक छायाचित्रे पाहावीत. रांगा सरळ, हात मांडीला चिकटलेले, नजर खिळलेली. आणि घटकेपूर्वी मैदानावर दंगा करणारा मुलगा त्यांत शोधूनही सापडत नाही. हा दोष मुलांचा नव्हे. 1839 मध्ये छायाचित्रण जगापुढे आले तेव्हा एका चित्रासाठी कित्येकदा मिनिटभर वा त्याहून अधिक काळ निश्चल राहावे लागे. डोके हलू नये म्हणून मागे लोखंडी आधार लावीत. यंत्र केव्हाच बदलले, ‘हलू नका’ ही आज्ञा तेवढी उरली.

तिच्या जोडीला पुढे ‘हसा’ ही आज्ञा आली. ती अधिक घातक. फ्रेंच वैद्य द्युशेन याने 1862 मध्ये मांडले, की ओठांचे कोपरे इच्छेने वर ओढता येतात. खऱ्या आनंदात मात्र डोळ्यांभोवतीचा स्नायूही आकसतो, आणि तो सहसा हुकूम मानत नाही. म्हणून मुलाला हसू मागू नये, काम द्यावे. ताटे मांडणारी, सायकलची साखळी बसवणारी, वहीवर वाकलेली मुले थोड्या वेळाने कॅमेरा विसरतात. हा ‘थोडा वेळ’ छायाचित्रकाराने सोसायचा असतो. गुडघे टेकून त्यांच्या डोळ्यांच्या उंचीवर बसावे. उभ्याने टिपलेले मूल खुजे दिसते. धावत्या मुलासाठी शटरचा वेग 1/500 सेकंद ठेवावा, बसलेल्यासाठी 1/125 पुरतो.

कोरेगावचे चैत्र-वैशाखातले दुपारचे ऊन मुलांच्या डोळ्यांखाली काळी सावली पाडते. सकाळची ओसरी किंवा खिडकीलगतची जागा उत्तम. येथे एक अडचण शिक्षकांनी जाणून घ्यावी. कॅमेऱ्याचे प्रकाशमापक समोरचे सारे दृश्य मध्यम करड्या छटेचे मानते. पांढऱ्या गणवेशाने ते फसते आणि सावळा चेहरा काळवंडतो. मापन चेहऱ्यावर करावे. मोबाइलवर चेहऱ्याला बोट लावले की काम होते.

ही केवळ तांत्रिक बाब नाही. रंगजुळणीसाठी कोडॅक कंपनी छपाई-प्रयोगशाळांना दीर्घकाळ गोऱ्या स्त्रीचे नमुनाचित्र पाठवीत असे. ‘शर्ली कार्ड’ या नावाने ते ओळखले जाई. गोरी त्वचा हेच प्रमाण ठरले. आज मोबाइलमधील ‘सौंदर्य’ची सोय आपल्या मुलींची कांती परस्पर उजळते, आणि आपणही कौतुक करतो! ती सोय बंद ठेवावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

देणगीदारांना धाडण्याच्या चित्रांबाबतही तेवढेच दक्ष असावे. फाटका सदरा आणि केविलवाणा चेहरा मुद्दाम निवडला जातो. तोच मुलगा पुढे पदवीधर होऊन ही पाने उलटेल, हे कोणाच्या मनात येत नाही. छपाईपूर्वी त्याला व त्याच्या पालकांना विचारावे. बाल न्याय अधिनियम 2015 च्या कलम 74 नुसार, काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या बालकाची ओळख उघड करणारे चित्र प्रसिद्ध करण्यास मनाई आहे.

अनेक घरांत मुलाचे बालपणीचे एकही छायाचित्र नसते. प्रत्येकाची एक प्रत कागदावर छापून सुटीत त्याच्यासोबत घरी द्यावी. मागे नाव, इयत्ता आणि तारीख मऊ पेन्सिलीने लिहावी. शाईच्या पेनाने लिहिल्यास अक्षर पुढच्या बाजूस उमटते.