चायनीजच्या गाडीवर खाताना : पाणी, वेळ आणि हात



राजूरच्या बाजारात संध्याकाळी चायनीजच्या गाडीभोवती गर्दी असते. मोठी आच, कढईचा खणखणाट आणि पाच मिनिटांत हातात गरम नूडल्स. एकेकाळी हॉटेलात आपल्या माणसांसाठी कपबशी वेगळी ठेवत. या गाडीवर एकाच बाकावर सगळे बसतात. गाडीवालाही बहुधा आपल्यासारखाच हातावर पोट असलेला. म्हणून गाडीवर जाऊच नका, असे मी सांगणार नाही. कसे पाहून खायचे, एवढे शिकूया.

अजिनोमोटोची भीती

वस्तीत सगळे अजिनोमोटोला घाबरतात. ते ग्लुटामिक आम्लाचे क्षार आहे. ग्लुटामेट टोमॅटोतही असते. नेहमीच्या प्रमाणात ते विष नाही. 2015 साली मॅगीवर बंदी आली, तेव्हा मुख्य आरोप शिशाच्या प्रमाणाचा होता. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती बंदी उठवली. रोजच्या जगण्यात काळजी करायची ती मिठाची. मोठ्या माणसाने दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. नूडल्समध्ये मीठ, सोया सॉस आणि अजिनोमोटो, तिन्हींतून सोडियम जाते. बीपीच्या पेशंटने हे लक्षात ठेवावे.

खरा धोका कुठे?

1. पाणी : 2025 च्या उन्हाळ्यात राजूरने काविळीची साथ पाहिली. दूषित पाण्यातून पसरणारी कावीळ (हिपॅटायटिस ए आणि ई) लगेच दिसत नाही. जंतू पोटात गेल्यावर दोन ते दहा आठवड्यांनी डोळे पिवळे होतात. तोवर आपण काय, कुठे खाल्ले-प्यायले ते विसरलेलो असतो. कढईतल्या नूडल्स उकळत्या असतात. पण वरून घातलेला कच्चा कोबी, कांदा, पातळ केलेली चटणी आणि पिण्याचा ग्लास यांतले पाणी उकळलेले नसते.

2. वेळ : नूडल्स दुपारी उकडून, तेल लावून पातेल्यात ठेवतात. दोन तासांपेक्षा जास्त वेळ त्या उघड्यावर राहिल्या, तर त्यांत बॅसिलस सेरियस नावाचे जंतू वाढून विष तयार करू शकतात. हे विष पुन्हा परतून मरत नाही. खाल्ल्यावर एक ते सहा तासांत उलट्या सुरू होतात. घरच्या शिळ्या भातालाही हेच लागू आहे.

3. हात : पैसे घेणारा आणि नूडल्स उचलणारा हात एकच असेल, तर जंतू ताटात येतात. हाताला पिकलेली जखम असेल तर जास्तच.

गाडीवर काय पाहाल?

• नूडल्स झाकलेल्या आहेत का? आंबूस वास येतो का?
• प्लेटा वाहत्या पाण्यात धुतात की एकाच बादलीत बुचकळतात?
• तेल काळे, धुरकट झाले आहे का?
• वरचा कच्चा कोबी-कांदा नको म्हणा. पाणी घरचे न्या.
• वर्तमानपत्रात बांधून घेऊ नका, शाई अन्नात उतरते. डबा न्या.

गाडीवाल्याशी भांडू नका. "दादा, झाकण ठेवा" म्हणा. दहा गिऱ्हाइकांनी म्हटले की तो ठेवतोच.

मुलांसाठी

मैद्याने पोट भरते, पण प्रथिने आणि चोथा फार थोडा मिळतो. नूडल्स कधीतरीची चैन असू द्या. एका प्लेटच्या पैशात घरी चार-पाच अंडी येतात. कोसलचा राजा प्रसेनजित अति जेवून सुस्तावला, तेव्हा भगवान बुद्धांनी त्याला जेवणात मात्रा सांभाळायला शिकवले. त्यांनी उपाशी राहायला सांगितले नाही.

आजार झालाच तर

जुलाब-उलट्या झाल्यास एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून (चमचा चहाचा, लहान) घोट घोट पाजा. लघवी कमी झाली, मूल मलूल पडले, शौचातून रक्त गेले तर थांबू नका, दवाखाना गाठा.

लघवी गडद पिवळी, डोळे पिवळे, भूक मेलेली असेल तर ती कावीळ समजून रक्त तपासा. काविळीची माळ घालणे, नाकात रस पिळणे यांत दिवस घालवू नका. बाबासाहेबांनी आपल्याला अंधश्रद्धेतून बाहेर काढले, ते आजारपणातही पाळायचे. दारू पूर्ण बंद. पाचवे शील इथे औषध आहे. गरोदर बाईला कावीळ झाली तर त्याच दिवशी दवाखान्यात न्या. हिपॅटायटिस ई तिच्या जिवावर बेतू शकतो.

पाणी आपला हक्क

तुरटीने गाळ बसतो, जंतू मरत नाहीत. साथीत पाणी उकळाच. पण फक्त घरोघरी उकळून साथ थांबत नाही. 20 मार्च 1927 ला महाडच्या तळ्यावर बाबासाहेबांनी पाण्याचा हक्क बजावला. आज त्या हक्काचा अर्थ शुद्ध पाणी असा आहे. वस्तीतल्या नळाच्या पाण्यात क्लोरीन आहे का, टाकी कधी धुतली, गटाराजवळची पाइप फुटली आहे का, हे ग्रामसभेत विचारा आणि उत्तर लेखी मागा. महिला मंडळाने या महिन्यात एवढे एक काम हाती घ्यावे.

नमो बुद्धाय, जयभीम!